वादळ आलं होतं, शहर मात्र बुडवलं गेलं

ऑगस्टचा शेवटचा आठवडा जवळ आला की तो फॉरवर्ड हमखास येतो. २००५ साली तो ईमेल ग्रुपांवर फिरत होता, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. एका रकान्यात २६ जुलैची मुंबई, दुसऱ्यात कॅटरिना वादळातलं न्यू ऑर्लिन्स. पाऊस किती पडला, माणसं किती, लष्कर किती तासांत पोचलं, लुटालूट कुठे झाली आणि कुठे नाही. शेवटी तो टाळ्याखाऊ प्रश्न: आता सांगा, प्रगत देश कुठला?

पाठवणारे आपलेच. गणेशोत्सवात शेजारी बसून मोदक खाणारे, मुलांना रविवारी मराठी शाळेत सोडणारे, आणि हो, निवडणुकीत डेमोक्रॅटांना मत देणारेसुद्धा. म्हणून त्याचा समाचार घ्यायचं ठरवलं. त्या दोन रकान्यांच्या पोटात दोन खोट्या गोष्टी दडल्या आहेत आणि आपण वीस वर्षं त्या मान डोलावत ऐकून घेतल्या आहेत. एक, तिथली माणसंच तशी होती. दोन, ते शहर वादळाने बुडवलं.

पहिली गोष्ट आधी घेऊ, कारण ती जास्त ओंगळ आहे.

सुपरडोम या स्टेडियममध्ये वीस-पंचवीस हजार माणसं अडकली होती. वीज नाही, संडास तुंबलेले, छपराला भोकं पडलेली, उकाडा तर विचारू नका. टीव्हीवर बातम्या काय? खून, बलात्कार, टोळ्या. शहराचा पोलीसप्रमुख ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात तान्ह्या बाळांवर अत्याचार होत असल्याचं सांगून मोकळा झाला. डोममध्ये दोनशे प्रेतं असतील या अपेक्षेने शीतगृहाचा ट्रक आणला गेला. मिळाली सहा. त्यातले चार नैसर्गिक कारणाने गेलेले, एक अमली पदार्थाने, एक आत्महत्या. त्या भयकथा बहुतेक अफवा होत्या हे तिथल्याच 'टाइम्स-पिकायून' या दैनिकाने सप्टेंबर २००५ संपायच्या आत छापलं, आणि त्याच सुमारास पोलीसप्रमुखाने राजीनामा दिला. आपला फॉरवर्ड मात्र दुरुस्त झाला नाही.

दुकानांतून लोकांनी वस्तू नेल्या, हे खरं. पाणी, ब्रेड, डायपर नेले, काहींनी टीव्हीही नेले. पण याहू न्यूजवरचे ते दोन फोटो आठवतात का? छातीभर पाण्यातून दुकानातलं सामान घेऊन जाणारा एक काळा तरुण, त्याखाली ओळ: दुकान लुटून जाताना. तशाच पाण्यातून ब्रेड आणि सोडा घेऊन जाणारं एक गोरं जोडपं, त्याखाली ओळ: दुकानात सापडलेल्या वस्तू घेऊन जाताना. वृत्तसंस्था वेगळ्या होत्या, छायाचित्रकार वेगळे होते, हे सगळं मान्य. तरीही ते क्रियापद कुणाच्या वाट्याला काय आलं, हे पाहिल्याशिवाय राहवत नाही.

आणि खरी हिंसा जिथे झाली ती जागा आपल्या फॉरवर्डात नाही. १ सप्टेंबरला न्यू ऑर्लिन्समधून पुलावरून चालत पलीकडच्या ग्रेटना उपनगराकडे निघालेल्या लोकांना तिथल्या पोलिसांनी बंदुका दाखवून, हवेत गोळ्या झाडून परत पाठवलं. तहानलेल्या माणसांना कोरड्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. ४ सप्टेंबरला डँझिगर पुलावर न्यू ऑर्लिन्सच्याच पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला. दोघं मेले, चौघं जखमी झाले, आणि मेलेल्यांपैकी एक सतरा वर्षांचा मुलगा होता. मग पोलिसांनी खोटे पुरावे उभे केले. खटला वर-खाली होत २०१६ साली पाच पोलिसांनी गुन्हा कबूल केला. तेव्हा लुटालूट आणि गुंडगिरीचा रकाना भरायचाच असेल तर पुरता भरा.

आता दुसरी गोष्ट.

२९ ऑगस्ट २००५ च्या सकाळी कॅटरिना लुइझियानाच्या बुरस गावाजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीचं होतं. न्यू ऑर्लिन्सला वादळाची डावी, म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य बाजू लागली. मिसिसिपीच्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी. वेव्हलंड, बे सेंट लुइस, बिलॉक्सी इथे आठ मीटरपर्यंत उधाण चढलं आणि घरांच्या जागी नुसते चौथरे उरले. तिथला विध्वंस समुद्राने केला यात वाद नाही. पण न्यू ऑर्लिन्सचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला तो बांध आणि पूरभिंती पन्नासहून अधिक ठिकाणी फुटल्यामुळे. सतरावा रस्ता कालवा आणि लंडन अ‍ॅव्हेन्यू कालवा यांच्या भिंती तर पाणी माथ्यावरून जायच्या आधीच कोसळल्या. खालची माती भुसभुशीत होती, पोलादी पत्रे पुरेसे खोल ठोकले नव्हते. हे बांधकाम कुणाचं? अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचं, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं. त्यांच्याच तपास पथकाने २००६ मध्ये लिहिलं की ही संरक्षण-व्यवस्था केवळ नावाला व्यवस्था होती.

आपल्यात इंजिनिअर काय कमी आहेत? मग त्यांनी हे एवढं मनावर घ्यावं: १९६५ साली बेट्सी वादळाने याच शहराचा लोअर नाइन्थ वॉर्ड बुडवला. त्यानंतर काँग्रेसने बांधांची योजना मंजूर केली, तेरा वर्षांत पुरी करायची म्हणून. चाळीस वर्षांनी कॅटरिना आलं तेव्हाही ती अपुरी होती. २००४ च्या जुलैमध्ये तर 'हरिकेन पॅम' नावाची काल्पनिक वादळाची रंगीत तालीम झाली होती. शहर बुडेल, हजारो लोक मागे राहतील, सगळं त्यात निघालं होतं. 'कुणाला कल्पना नव्हती' हे वाक्य म्हणून ऐकूनच घेऊ नये.

आणि जबाबदारीचं काय? लोकांनी खटले भरले. न्यायाधीशाने २००८ मध्ये अभियंता दलावर ताशेरे ओढले आणि त्याच निकालात हात वर केले. कारण १९२८ चा कायदा सांगतो की पूरनियंत्रणाच्या कामांतून झालेल्या नुकसानीसाठी केंद्र सरकारवर दावा चालत नाही.

१९२८ च का? त्यामागे १९२७ आहे, आणि ते माहीत नसेल तर बाकीचं कळणार नाही. त्या साली मिसिसिपी नदीला महापूर आला. न्यू ऑर्लिन्सच्या बँकवाल्यांनी आणि बड्या मंडळींनी राज्यपालाकडून परवानगी मिळवली आणि २९ एप्रिलला शहराच्या खालच्या अंगाला कारनार्व्हन इथे बांध डायनामाइटने उडवला. सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स या दोन पॅरिश (लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात) मुद्दाम बुडवल्या. तिथे राहणारे लोक मासे पकडून आणि खाजणातल्या मस्करॅट या प्राण्याची कातडी विकून जगणारे. भरपाईचा शब्द दिला होता. बहुतेकांच्या हातात जे पडलं ते जवळपास काहीच नव्हतं. वर, शहराला त्या स्फोटाची गरजही उरली नव्हती, कारण नदीने वरच्या अंगाला दुसरीकडे बांध फोडून पाणी पसरलंच होतं. १९६५ साली आणि २००५ साली लोअर नाइन्थ वॉर्डातल्या काळ्या लोकांनी 'बांध पुन्हा उडवला' अशी शंका घेतली तेव्हा टीव्हीवरचे शहाणे हसले. पुरावा नव्हता, हे बरोबर. पण आजोबांनी एकदा स्फोट ऐकलेला असेल तर नातवाने शंका घेऊ नये, ही अपेक्षा जरा जास्तच होते.

'पण मग ते आधी निघून का गेले नाहीत?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या दारात नेहमी दोन गाड्या असतात. न्यू ऑर्लिन्समध्ये चारातल्या एका घरी गाडीच नव्हती. सक्तीच्या स्थलांतराचा आदेश रविवारी, २८ तारखेला निघाला, वादळ सोमवारी आलं. महिनाअखेर होती. पगार, पेन्शन, सरकारी मदत एक तारखेला येते, २८ ला हातात काय असणार? शहरात शाळेच्या आणि सिटी बस होत्या, त्या पार्किंगमध्ये बुडाल्या. लुइझियानात मेलेल्यांपैकी जवळपास निम्मे पंचाहत्तरीच्या पुढचे होते. सेंट बर्नार्डमधल्या एकाच वृद्धाश्रमात ३५ जण गेले. बळींचा आकडा वर्षानुवर्षं १८३३ सांगितला जात असे. राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३ मध्ये फेरतपासणी करून तो १३९२ केला. म्हणजे कोण गेलं हे मोजायलाही या देशाला सतरा वर्षं पुरली नाहीत.

समुद्र आणि शहर यांच्यामध्ये पूर्वी खाजण होतं. मैलोन्‌मैल दलदल, गवत, सायप्रसची झाडं. उधाणाचा जोर तिथे मोडायचा. १९३० च्या दशकापासून लुइझियानाने जवळपास ५,००० चौरस किलोमीटर जमीन गमावली. कारणं अनेक आहेत. नदीला बांध घातल्याने गाळ येणं थांबलं, जमीन खचते आहे, समुद्र चढतो आहे. पण तेल आणि वायू कंपन्यांनी पाइपलाइनींसाठी आणि विहिरींपर्यंत बोटी नेण्यासाठी त्या खाजणातून सुमारे १६,००० किलोमीटर कालवे खणले, हेही त्यातलं एक ठळक कारण. कालव्यातून खारं पाणी आत येतं, गवत मरतं, मुळं गेली की माती वाहून जाते. परवान्यात काम संपल्यावर जागा पूर्ववत करण्याची अट असे. ती पाळली गेली नाही. अभियंता दलाने स्वतः खणलेला 'मिस्टर गो' नावाचा जहाजांचा कालवा तर वादळाच्या पाण्याला शहरापर्यंत हमरस्ता ठरला. वीस वर्षं स्थानिक लोक तो बुजवा म्हणत होते, बुजवला २००९ मध्ये.

२०१३ साली तिथल्या पूरसंरक्षण मंडळाने ९७ तेल-वायू कंपन्यांवर दावा ठोकला. मंडळाच्या धाडसी सभासदांना परत नेमणूक मिळाली नाही, विधिमंडळाने दावा मारण्यासाठी खास कायदा केला, आणि शेवटी कोर्टातही तो टिकला नाही. मात्र एप्रिल २०२५ मध्ये प्लॅकमिन्स पॅरिशच्या ज्यूरीने शेव्हरॉनला सुमारे ७४ कोटी डॉलर भरायला सांगितले. कंपनीने लगेच अपिलाची घोषणा केली, ते अपेक्षितच होतं.

ह्यूस्टनमधल्या वाचकांनो, हे तुम्हाला उद्देशून आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. नोकरी सोडा असं कोणी म्हणत नाही, मीही घराचे हप्ते भरतो. पण वादळानंतर कंपनीच्या 'मॅचिंग' योजनेतून शंभर डॉलरचे दोनशे झाले म्हणून जे समाधान वाटतं, त्याच्याआधी त्या कालव्यांचा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालायला हरकत नाही.

पाणी उतरल्यावर काय झालं, तिथे तर निसर्गाचं नावही घेता येत नाही.

घरमालकांसाठी 'रोड होम' नावाची अब्जावधी डॉलरची योजना आली. तिचं सूत्र साधं होतं: वादळापूर्वीची घराची बाजारभावाने किंमत, किंवा दुरुस्तीचा खर्च, यांतली जी रक्कम कमी असेल ती धरायची. वाचायला निरुपद्रवी. आता दोन घरं घ्या, सारख्याच मापाची, सारखीच मोडलेली, दुरुस्तीला सव्वा लाख डॉलर लागणारी. एक गोऱ्या वस्तीत, किंमत दोन लाख. दुसरं काळ्या वस्तीत, किंमत साठ हजार. पहिल्याला सव्वा लाखाच्या हिशेबाने मदत, दुसऱ्याला साठ हजारांच्या. लाकूड आणि सिमेंट मात्र दोघांना एकाच भावाने! काळ्या वस्तीतल्या घराची किंमत कमी का, तर पिढ्यान्‌पिढ्या बँकांनी तिथे कर्ज दिलं नाही म्हणून. जुन्या अन्यायालाच नव्या मदतीचं माप केलं. खटला झाला, २०११ मध्ये सहा कोटी वीस लाखांची तडजोड झाली, तोवर कित्येक घरांवर वेली चढल्या होत्या. त्यावरही कडी अशी की घर उंच करण्यासाठी दिलेले तीस हजार तुम्ही दुरुस्तीवर खर्च केले, परत करा, म्हणून राज्याने हजारो घरमालकांवर दावे लावले. ते मागे घेतले गेले फेब्रुवारी २०२३ मध्ये.

भाडेकरूंचं तर विचारूच नका. चार मोठ्या सरकारी चाळींमधली सुमारे ४,५०० घरं पाडण्याचा ठराव शहराच्या कौन्सिलने डिसेंबर २००७ मध्ये एकमताने मंजूर केला. त्यातल्या अनेक इमारती धडधाकट होत्या. गरिबांचं चॅरिटी हॉस्पिटल पुन्हा उघडलंच नाही. साडेसात हजार शाळा-कर्मचारी, त्यात बहुसंख्य काळ्या शिक्षिका, एका फटक्यात कामावरून काढले. शेजारच्या मिसिसिपीने तर घरबांधणीचे ५७ कोटी डॉलर गल्फपोर्टच्या बंदराकडे वळवले. न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या २००० साली ४ लाख ८४ हजार होती, २०२० मध्ये ३ लाख ८४ हजार भरली. शहराच्या पुनर्वसनाचं कौतुक करणाऱ्यांनी परत न आलेल्यांनाही मोजावं.

आता आपल्या लोकांबद्दल. बुश सरकारने ८ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे प्रेतं अजून तरंगत असताना, त्या भागात सरकारी कंत्राटांवरचा किमान मजुरीदराचा कायदा स्थगित केला (दोन महिन्यांनी ओरड झाल्यावर परत लागू केला). मजूर स्वस्त हवे होते. ते कुठून आणले? सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने जहाजबांधणी आणि तेलफलाटांच्या कामासाठी भारतातून सुमारे पाचशे वेल्डर आणि पाइपफिटर आणले. भरती करणारा एजंट आपल्या मुंबईतला. प्रत्येकाकडून दहा ते वीस हजार डॉलर घेतले, ग्रीन कार्डाचं आश्वासन देऊन. लोकांनी जमिनी विकल्या, दागिने गहाण टाकले. हातात पडला दहा महिन्यांचा तात्पुरता व्हिसा, आणि मिसिसिपीतल्या पास्कागूलात एका खोलीत चोवीस-चोवीस जण, त्याचे महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कापून. मार्च २००८ मध्ये शंभराच्या आसपास कामगार हेल्मेटं टाकून बाहेर पडले, न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनला गेले, आपल्या यात्रेला त्यांनी सत्याग्रह म्हटलं आणि तिथे उपोषणाला बसले. २०१५ मध्ये ज्यूरीने पाच कामगारांना एक कोटी चाळीस लाख डॉलर द्यायला लावले.

त्या वर्षीच्या आपल्या अधिवेशनांच्या स्मरणिका माझ्याकडे आहेत. त्यांत एच-वन व्हिसाच्या रांगेबद्दल पानंच्या पानं आहेत. या माणसांबद्दल एक ओळ नाही. त्यांचा व्हिसा दुसऱ्या आकड्याचा होता ना!

आणि तो मुंबईचा रकाना? २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, बिस्किटं वाटली, हे शंभर टक्के खरं आणि अभिमानाचं. पण शहरात चारशेहून अधिक माणसं गेली. मिठी नदी भराव घालून, वांद्रे-कुर्ला संकुल उभारून, विमानतळाच्या धावपट्टीखाली वळवून आवळली होती. नालेसफाई आणि पावसाळी गटारांचा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ पासून धूळ खात होता. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात सरकारने ऐंशी-नव्वद हजार झोपड्या पाडल्या होत्या, त्यातली माणसं जुलैत कुठे होती, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने विचारलं नाही. मुंबईचं 'स्पिरिट' म्हणजे नगरपालिकेला मिळालेली माफी झाली. दोन्ही शहरांत खाजण बुजवलं, दोन्हीकडे अहवाल आधीच तयार होते, दोन्हीकडे सखल भागात गरीब राहत होते. रकाने शेजारी ठेवले तर हे दिसतं, फक्त शर्यत लावायची हौस आवरायला हवी.

पुढची वादळं आलीच. २९ ऑगस्ट २०२१ ला, कॅटरिनाच्या तारखेलाच, आयडा वादळ आलं. साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून बांधलेली न्यू ऑर्लिन्सची नवी तटबंदी टिकली. तटबंदीबाहेर लाप्लास बुडालं, टेरेबोन आणि लाफोर्शमधली कोळंबी पकडणाऱ्यांची गावं मोडली. शहरात पाणी आलं नाही पण वीज गेली, आणि तिथले बहुतेक बळी उकाड्याने गेले, पुन्हा म्हातारीकोतारी आणि एकटी. नंतर राज्यातल्या डझनभर विमा कंपन्या बुडाल्या. ज्यांना कोणीच विमा देत नाही त्यांच्यासाठीच्या सरकारी कंपनीने २०२३ मध्ये हप्ता सरासरी ६३ टक्क्यांनी वाढवला. आता माणसांना हलवायला बांध उडवावा लागत नाही, विम्याचं पत्र पुरतं.

इल दे जाँ शार्ल या मूळनिवासी लोकांच्या बेटाची ९८ टक्के जमीन १९५५ पासून गेली. २०१६ मध्ये त्यांच्या स्थलांतरासाठी ४ कोटी ८० लाख डॉलर मंजूर झाले, २०२२ मध्ये पहिली कुटुंबं उत्तरेला नव्या वसाहतीत गेली. जमातीचं म्हणणं होतं की योजना त्यांच्या हातून काढून राज्याने आपल्याकडे घेतली. २०२३ अखेर त्यांनी केंद्राकडे तक्रार नोंदवली: घरं सदोष, आणि निर्णयात आम्ही नाही. आणि गाळ परत खाजणात आणण्याची तीन अब्ज डॉलरची मिड-बाराटारिया योजना, जिचं काम २०२३ ला सुरू झालं होतं, ती राज्याने जुलै २०२५ मध्ये गुंडाळली. कोळंबीवाल्यांचा तिला खरा विरोध होता, कारण गोड्या पाण्याने त्यांचा धंदा बसला असता. त्यांना पर्यायी उपजीविका देऊन योजना पुढे नेता आली असती का? तेवढा विचार करायला सरकारला कोळंबीवाले मतदानापुरतेच नव्हे, चर्चेलाही लागले असते.

तेव्हा मंडळांच्या कार्यकारिणींना एक सूचना. पुढच्या वादळानंतर निधी गोळा कराल, अवश्य करा. पण ब्लँकेटं आणि पाण्याच्या बाटल्या पुष्कळ पोचतात. निम्मी रक्कम घरांच्या हक्कासाठी कोर्टात उभं राहणाऱ्यांना, कामगारांच्या केंद्रांना आणि त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या संघटनांना पाठवा. 'मंडळात राजकारण नको' असं कोणी म्हणेल, म्हणू द्या. ठराव मांडा, मतदान घ्या, आणि निकाल काय लागला ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात मंडळाच्या नावासकट छापू, होकार असो वा नकार.